वहीच्या कव्हरवरचा कारखाना

आपल्या १९९५च्या बॅचमध्ये ज्यांचे वडील कारखान्यात होते, त्यांच्या वह्यांना खाकी कव्हर फारसं कधी लागलं नाही. आठवतंय ना? खाकी कागद बाजारातून विकत आणावा लागे आणि ड्रॉइंग ऑफिसमधले रद्द झालेले नकाशे फुकट मिळत. जाडसर पिवळट कागद, त्यावर निळ्या-जांभळ्या रेषा, आणि प्रिंट ताजी असेल तर अमोनियाचा नाकात झोंबणारा वास. रेषांची बाजू आत घालायची की बाहेर, यावर वसाहतीत घराघराचे वेगळे पंथ होते. आमच्या घरी बाहेर. त्यामुळे माझ्या भूगोलाच्या वहीवर नद्यांच्या जागी पाइप वाहत होते. जागोजागी छोटे गोल आणि त्यांत दोन-तीन इंग्रजी अक्षरं. बाईंनी एकदा वही वर धरून विचारलं होतं, "हे कोणत्या देशाचं खोरं गं?" सगळा वर्ग हसला होता. उत्तर मला तेव्हा येत नव्हतं.

स्मरणिकेच्या मंडळींनी प्रत्येकाला आपापल्या क्षेत्राबद्दल लिहायला सांगितलं आहे. मी इन्स्ट्रुमेंटेशनची पदवी घेतली आणि गेली वीसेक वर्षं पुण्यात सॉफ्टवेअर लिहिते. पण त्या सॉफ्टवेअरचं काम काय, तर रासायनिक कारखान्यांचे जुने नकाशे वाचणं. म्हणजे फिरून वहीच्या कव्हरापाशीच आले. तेव्हा बाईंच्या प्रश्नाचं उत्तर आता देते, थोडं लांबण लावून.

या नकाशाचं पूर्ण नाव पाइपिंग अँड इन्स्ट्रुमेंटेशन डायग्राम. कारखान्यात सगळे पी अँड आयडी म्हणतात. पहिली गोष्ट ही लक्षात घ्यायची, की हे कारखान्याचं चित्र नव्हे. कागदावर शेजारी दिसणाऱ्या दोन टाक्या प्रत्यक्षात दोनशे मीटर दूर असू शकतात, आणि बोटभर दिसणारा पाइप तीन मजले चढून उतरलेला असू शकतो. अंतर, उंची, दिशा यांतलं काही या कागदाला सांगायचं नसतं. कशाला काय जोडलंय, मध्ये कुठे अडवता येतं, कुठे मोजलं जातं, एवढंच त्याला सांगायचं असतं. लोकलच्या डब्यात दारावर लावलेला स्टेशनांचा नकाशा आठवा. दोन स्टेशनांत किती किलोमीटर हे तो सांगत नाही, पण गाडी कुठे बदलायची ते बरोबर सांगतो. या प्रकारचा सगळ्यात गाजलेला नकाशा लंडनच्या भुयारी रेल्वेचा. तो १९३१ साली हॅरी बेक या ड्राफ्ट्समनने काढला आणि १९३३ साली छापला गेला. बेकला विजेच्या सर्किटच्या आकृत्या काढायची सवय होती. ही सवय असलेल्या माणसालाच सुचलं, की जमिनीखालच्या प्रवाशाला वर नदी कुठे वळते याच्याशी कर्तव्य नसतं.

यंत्रांची चित्रं काढण्याची रीत त्याहून फार जुनी आहे. १५५६ साली गेऑर्ग अग्रिकोला या जर्मन विद्वानाचा खाणी आणि धातूंवरचा मोठा लॅटिन ग्रंथ निघाला, 'दे रे मेटालिका'. त्यात लाकडी ठशांची पानपानभर चित्रं आहेत. पाणचक्क्या, भाते, भट्ट्या, आणि प्रत्येक भागावर ए, बी, सी अशी अक्षरं, खाली त्यांची नावं. चित्रं इतकी जिवंत आहेत, की काम करणारी माणसं, बाजूची झाडंसुद्धा त्यांत आहेत. (या ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर १९१२ साली एका खाण अभियंत्याने आणि त्याच्या पत्नीने मिळून केलं. तो पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झाला, हर्बर्ट हूव्हर. पत्नी लू हेन्री हूव्हर भूगर्भशास्त्राची पदवीधर होती आणि तिचं लॅटिन पक्कं होतं. इतिहासाच्या पेपरात हे विचारत नाहीत, म्हणून इथे सांगितलं.) अग्रिकोलाचं चित्र पाहून यंत्र कसं दिसतं ते कळतं. पण शंभर पाइप आणि तीस पंप असलेला कारखाना असा काढायला बसलं तर कागदभर नुसतं जंगल होईल. दिसणं सोडून द्यावं आणि जोडणी तेवढी ठेवावी, हे शहाणपण यायला साडेतीनशे वर्षं गेली.

१९१५च्या सुमारास आर्थर लिटल या अमेरिकन रसायनतज्ज्ञाने एक साधी पण मोठी गोष्ट मांडली. साखर असो, साबण असो की रंग असो, सगळे कारखाने शेवटी त्याच मोजक्या क्रियांचे बनलेले असतात: तापवणं, गाळणं, उकळून वेगळं करणं, वाळवणं. क्रिया मोजक्या म्हटल्यावर चिन्हंही मोजकी पुरतात. उभा लांबट दंडगोल दिसला की ऊर्ध्वपातनाचा मनोरा, टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण दिसले की व्हॉल्व्ह. पुढे डिसेंबर १९२१ मध्ये फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या जोडप्याने अमेरिकेतल्या यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेसमोर कामाच्या टप्प्यांची आकृती काढण्याची पद्धत मांडली. सॉफ्टवेअरवाले ज्याला फ्लोचार्ट म्हणतात त्याच्या पूर्वजांत हिची गणना होते. लिलियनबाईंना बारा मुलं झाली होती, त्यामुळे कामाचे टप्पे वाचवण्याचा अभ्यास त्यांच्या घरातच चालत असणार.

खरी पंचाईत मोजमापांनी केली. जुन्या कारखान्यात दाब पाहायचा तर त्या टाकीपाशी जाऊन गेज वाचायचं. मग हवेच्या दाबाने संदेश पाठवायची युक्ती आली. बारीक नळीत ३ ते १५ पौंड दाबाची हवा खेळवायची. ३ पौंड म्हणजे शून्य, १५ म्हणजे पूर्ण. आता लांबच्या टाकीतली पातळी एका खोलीत बसून कळू लागली, आणि त्याच खोलीतून व्हॉल्व्हही उघडमीट करता येऊ लागला. कंट्रोल रूम जन्माला आली ती अशी. दुसऱ्या महायुद्धात तेलशुद्धीकरण आणि रसायनांचे कारखाने झपाट्याने वाढले आणि अशी उपकरणं शेकड्यांनी लागू लागली. नकाशात ती दाखवायची कशी, याची मात्र एकवाक्यता नव्हती. १९४५ साली अमेरिकेत पिट्सबर्गला उपकरणवाल्यांची इन्स्ट्रुमेंट सोसायटी ऑफ अमेरिका ही संस्था निघाली आणि १९४९ साली तिने चिन्हांची पहिली शिफारस छापली. पुढे तिची सुधारित आवृत्ती प्रमाण म्हणून आली. आपल्या वह्यांवरचे गोल या घराण्यातले.

हे गोल वाचणं बाराखडीइतकंच सोपं आहे. पहिलं अक्षर काय मोजतोय ते सांगतं: पी म्हणजे दाब, टी म्हणजे तापमान, एल म्हणजे पातळी, एफ म्हणजे प्रवाह. पुढची अक्षरं त्या मोजमापाचं काय करतोय ते सांगतात: आय म्हणजे दाखवतोय, आर म्हणजे नोंदवतोय, सी म्हणजे ताब्यात ठेवतोय, ए म्हणजे ओरडतोय. म्हणून पीआय म्हणजे दाब दाखवणारं गेज, एलआयसी म्हणजे पातळी दाखवून ताब्यात ठेवणारा, आणि एफआरसी म्हणजे प्रवाहाची नोंद करत त्याला ताब्यात ठेवणारा. गोल कोरा असेल तर उपकरण बाहेर पाइपापाशी आहे, आणि पोटातून आडवी रेघ गेली असेल तर ते कंट्रोल रूमच्या पॅनेलवर आहे. रेघ तुटक असेल तर पॅनेलच्या मागे, जिथे ऑपरेटरचा हात पोचत नाही. जोडणाऱ्या रेषाही बोलतात. रेषेवर दोन-दोन तिरक्या रेघोट्या म्हणजे हवेची नळी, तुटक रेषा म्हणजे विजेची तार. रेषेत ओवलेले बारीक शून्यासारखे मणी दिसले, तर तिथे तार-नळी काही नाही, नुसता संगणकाच्या आतला संदेश. ते मणी म्हणजे माझा पोटापाण्याचा धंदा. १९७५ साली हनीवेल आणि योकोगावा या दोन कंपन्यांनी जवळपास एकदमच संगणकावर चालणाऱ्या नियंत्रणप्रणाली बाजारात आणल्या आणि मग गोलाभोवती चौकोन आला. चौकोनातला गोल म्हणजे भिंतीवर काही नाही, पडद्यावर पाहा.

मला हे सगळं कॉलेजात शिकवलं, पण वाचायला शिकवलं बाबांनी. ते ऑपरेटर होते, बॉयलर आणि युटिलिटीच्या बाजूला. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षात मी चिन्हांचा तक्ता पाठ करत बसले होते, तेव्हा त्यांनी तो बाजूला ठेवायला लावला. म्हणाले, "एक लाइन धर. पाणी हो आणि चालत जा." मग बोट ठेवायचं आणि प्रत्येक ठिकाणी थांबून विचारायचं: इथून पुढे जाता येतं का? मागे येता येतं का? हा व्हॉल्व्ह बंद केला तर मी कुठे तुंबेन? हवा गेली, वीज गेली, तर हा व्हॉल्व्ह उघडा राहील की मिटेल? (तेही नकाशात असतं. व्हॉल्व्हच्या दांड्यावर बाण वर असेल तर बंद पडताना उघडा राहणारा, खाली असेल तर मिटणारा. थंड पाण्याचा बाण वर असायला हवा, इंधनाचा खाली.) प्रश्न सगळे साधे, पण एक पान असं नीट वाचायला दोन तास लागले.

बाबांना माहीत नव्हतं, पण ते जे करत होते त्याची रीतसर पद्धत इंग्लंडमध्ये आधीच तयार झाली होती. १९६३ साली आयसीआय कंपनीत फिनॉलच्या नव्या कारखान्याचा नकाशा घेऊन तीन माणसं आठवड्यातले तीन-तीन दिवस, असे चार महिने बसली. प्रत्येक रेषेला तेच ठरावीक प्रश्न: प्रवाह नसला तर? जास्त झाला तर? उलटा वाहिला तर? दुसरंच काही आलं तर? यातून हॅझॉप नावाची पद्धत निघाली आणि ट्रेव्हर क्लेट्झ यांच्यासारख्यांनी ती जगभर नेली. क्लेट्झ यांची पुस्तकं अपघातांच्या गोष्टींनी भरलेली आहेत. आमच्या क्षेत्रात रात्री वाचून झोप उडवणारी पुस्तकं तीच.

अशा गोष्टींतली एक मी विसरू शकत नाही. इंग्लंडमध्ये ट्रेंट नदीजवळ फ्लिक्सबरो गावी नायलॉनचा कच्चा माल करणारा कारखाना होता. सहा मोठी रिअॅक्टर भांडी एका ओळीत, प्रत्येक मागच्यापेक्षा थोडं खाली, म्हणजे गरम सायक्लोहेक्झेन एकातून दुसऱ्यात आपोआप उतरत जाई. मार्च १९७४ मध्ये पाचव्या भांड्याला जवळजवळ सहा फुटी चीर सापडली. ते काढलं आणि उत्पादन थांबू नये म्हणून चौथं भांडं सहाव्याला पाइपाने जोडलं. भांड्यांची तोंडं २८ इंची होती, पाइप हाताशी २० इंची होता. उंचीत फरक म्हणून पाइपाला दोन वाकणं द्यावी लागली. दोन्ही टोकांना लवचिक बेलोज होते, खाली आधाराला बांधकामाच्या परातीचे सांगाडे. कारखान्याच्या मुख्य यांत्रिकी अभियंत्याची जागा त्या वेळी रिकामी होती. आणि या पाइपाचं ड्रॉइंग? चौकशी समितीला ते सापडलं वर्कशॉपच्या फरशीवर. खडूने, पूर्ण आकारात काढलेलं. तेवढंच. १ जून १९७४, शनिवार, संध्याकाळी पाचला काही मिनिटं असताना तो पाइप निखळला, वाफेचा ढग पसरला आणि पेटला. २८ माणसं गेली. त्यांतली १८ कंट्रोल रूममध्ये होती. आठवड्याच्या मधला दिवस असता तर कचेरीतली माणसंही असती आणि आकडा कितीतरी मोठा झाला असता.

आमच्या सरांनी हा अपघात शिकवताना ताणांची गणितं फळ्यावर सोडवली होती. माझ्या डोक्यात मात्र खडूच राहिला. फरशीवरचा खडू म्हणजे ज्याने काढला त्यालाच वाचता येणारा नकाशा. दुसऱ्या दिवशी पुसला जाणारा. त्या पाइपाला 'दाब वाढला तर?' असा प्रश्न विचारायला कोणी बसू शकलंच नसतं, कारण विचारायला कागदच नव्हता.

भोपाळची कहाणी उलटी आहे. तिथे कागदावर सगळं होतं. मिथाइल आयसोसायनेटची टाकी थंड ठेवणारी यंत्रणा होती, सुटलेला वायू धुऊन काढणारा स्क्रबर होता, उरलेला जाळून टाकणारा फ्लेअरचा मनोरा होता. नकाशावर बोट ठेवून चालत गेलात तर प्रत्येक वळणावर पहारेकरी भेटतो. पण २-३ डिसेंबर १९८४च्या रात्री थंड ठेवणारी यंत्रणा काही महिन्यांपासून बंदच होती, स्क्रबर चालू स्थितीत नव्हता आणि फ्लेअरकडे जाणारा पाइपाचा तुकडा दुरुस्तीसाठी काढून ठेवलेला होता. ६१० क्रमांकाच्या टाकीत सुमारे चाळीस टन द्रव होता. त्यानंतर आपल्याकडे १९८६चा पर्यावरण संरक्षण कायदा आला, १९८७ साली कारखाने कायद्यात धोकादायक प्रक्रियांचं वेगळं प्रकरण घातलं गेलं. अमेरिकेत १९९२ साली जो सुरक्षेचा नियम आला, त्यात पी अँड आयडी नाव घेऊन मागितली आहे: अद्ययावत हवी, आणि कारखान्यात बदल केला तर कागदही बदलायला हवा.

त्याच १९९२च्या पावसाळ्यात आपण आठवीत होतो. दुपारच्या सुट्टीनंतर अवेळी भोंगा झालेला तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल, आणि आपल्यातल्या एकाला वर्गातून बोलावून नेलं तेही. त्याला विचारूनच हे लिहिते आहे. "नाव घालू नकोस, बाकी लिही," असं तो म्हणाला.

त्याचे वडील फिटर होते. कॉस्टिकच्या पंपाचं गॅस्केट बदलायचं होतं. नकाशा पाहून दोन व्हॉल्व्ह बंद केले, त्यांवर चिठ्ठ्या लावल्या. ड्रेन उघडून पाहिला, काही आलं नाही, म्हणून लाइन रिकामी समजली. ड्रेन साका धरून तुंबलेला होता. आणि बंद केलेल्या व्हॉल्व्हला वळसा घालणारी एक इंची बायपास लाइन होती, काही वर्षांपूर्वी कुठल्याशा शटडाऊनमध्ये कोणाच्या तरी सोयीसाठी टाकलेली, इन्सुलेशनखाली झाकली गेलेली. तिचा व्हॉल्व्ह थोडा पास होत होता. नकाशात ती लाइन नव्हती. फ्लँजचे बोल्ट सैल केले तेव्हा गरम कॉस्टिक उडालं. काकांचे दोन्ही हात भाजले आणि डावा डोळा गेला. चौकशी झाली, आणि ठपका 'खातरजमा न केल्या'चा, म्हणजे काकांवरच. ते नंतर स्टोअरमध्ये बसायचे. आपण त्यांना काळा चष्मा घालून सायकल हातात धरून चालताना पाहिलंय.

मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना हा विषय घरी निघाला. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ती एक इंची लाइन कंट्रोल रूममधल्या प्रिंटवर होती. त्यांनी स्वतः लाइन चालत जाऊन लाल पेन्सिलने काढली होती, अपघाताच्या आधी दोनेक वर्षं, शेजारी तारीख आणि सही. अशा लाल खुणांच्या प्रिंट ड्रॉइंग ऑफिसला जायच्या, तिथे मूळ ट्रेसिंगवर दुरुस्ती व्हायची, नव्या प्रिंट निघायच्या. ट्रेसिंगवरची शाई अर्ध्या ब्लेडने खरवडून काढायची आणि रोटरिंगच्या पेनने नवी रेघ मारायची, असं ते काम. माणसं दोन, नकाशे शेकडो. नव्या प्रिंट आल्या त्यांत ती लाइन नव्हती. बाबांनी एकदा विचारलं, दुसऱ्यांदा नाही विचारलं. "दुसऱ्यांदा विचारायला हवं होतं," एवढंच बोलले. चौकशीत त्यांनी लाल पेन्सिलचं सांगितलं, पण प्रिंट कुठे आहे म्हटल्यावर दाखवायला काही नव्हतं.

आज मी जे सॉफ्टवेअर लिहिते ते जुन्या नकाशांची स्कॅन केलेली पानं वाचून त्यांतले गोल, अक्षरं, रेषा ओळखतं आणि त्यांची यादी करतं. छापील निळी रेघ ते बऱ्यापैकी ओळखतं. हाताने काढलेली, फिकट झालेली लाल रेघ त्याला डाग वाटते. सुरुवातीच्या आवृत्तीत आम्ही पान स्वच्छ करण्यासाठी रंगीत खुणा आधीच पुसून टाकत होतो. ते मी थांबवायला लावलं. आता सॉफ्टवेअर अशी प्रत्येक खूण बाजूला काढून माणसापुढे ठेवतं, आणि माणसाने हो किंवा नाही म्हटल्याशिवाय पान पुढे सरकत नाही. त्यामुळे काम हळू होतं. ग्राहक कुरकुर करतात, आमचा प्रोजेक्ट मॅनेजरही करतो.

बाबा चार वर्षांपूर्वी गेले. त्यांचं कपाट आवरताना माझ्या शाळेच्या तीन वह्या सापडल्या, त्यांत ती भूगोलाचीही. तिन्हींची कव्हरं मी हलक्या हाताने उलगडून आतबाहेर पाहिली. एकावर थंड पाण्याची लाइन आहे, दोहोंवर वाफेची. लाल पेन्सिल कुठेच नाही. पण रद्द झालेल्या प्रिंट तर सगळ्या वसाहतीत वाटल्या जायच्या, आणि आपण चाळीस-पन्नास जणं तरी त्याच कागदाची कव्हरं घालत होतो. तेव्हा संमेलनाला येण्याआधी माळ्यावरची ट्रंक एकदा उघडून पाहा. १९९० ते १९९२च्या वह्या. कॉस्टिकचा पंप म्हणजे एक वर्तुळ, त्याच्या दोन्ही बाजूंना टोकाला टोक लावलेले दोन-दोन त्रिकोण. एका त्रिकोणाच्या जोडीवरून अर्धगोल वळसा घेणारी लाल रेघ असेल, आणि शेजारी बाबांची मराठीतली सही. सापडली तर कव्हर काढू नका, वहीसकट घेऊन या. काका आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि मुलाबरोबर संमेलनाला येणार आहेत.